तारप्याकडे पाठ

मावशींनी माझ्या कमरेला पानं बांधली. प्लॅस्टिकची. पार्टीच्या दुकानात मिळतात तसली, हिरवीगार, पट्ट्यावर ओवलेली. अंगात चॅनलचा निळा ब्लेझर, हातात चॅनलचा माइक, कानात स्टुडिओचा आवाज. आणि त्यावर पानं.

"हिला मेकअपची गरजच नाही," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ही तर आपली ओरिजिनल!"

हॉल हसला. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या शाळेचा हॉल, मराठी मंडळाचा गणपती. स्टेजवर वारली चित्रांचा पडदा. त्याच्यापुढे आयटीतल्या आईबापांची मुलं रांगेत उभी, तोंडाला तपकिरी रंग, कमरेला माझ्यासारखीच पानं. कार्यक्रमाचं नाव आदिवासी नृत्य. स्पीकरवर तारपा वाजत होता.

मीही हसले. लाइव्ह सुरू व्हायला थोडाच वेळ होता.

कॅमेऱ्यामागे लोरेन होती. तिनं फ्रेम माझ्या छातीपर्यंत वर घेतली. पानं बाहेर. ती काय करतेय ते मला कळलं. पण प्रोड्यूसरचा आवाज आमच्या दोघींच्या कानात एकदमच आला, "वाइड जा. तो स्कर्ट दाखव, मजेदार आहे." लोरेन हलली नाही. आवाज पुन्हा आला, आता तो हुकूम होता. फ्रेम उघडली. मिनेसोटातल्या घराघरांत लोकांनी मला पानांत पाहिलं. स्टुडिओतली अँकर म्हणाली, "सो क्यूट!"

आणि मी तारप्याकडे पाठ करून उभी होते.

मी वारली आहे. जव्हारकडची. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं वाद्य. वाजवणारा मध्ये असतो, बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती. तो वळला की रांग वळते. नाचणाऱ्यानं तारप्याकडे पाठ करायची नाही, हे आमच्याकडे पोर चालायला लागलं की सांगतात. मला आयनं सांगितलं होतं. टीव्हीचं काम याच्या नेमकं उलटं. आग लागो, पूर येवो, रिपोर्टरनं घटनेकडे पाठ करायची आणि कॅमेऱ्याकडे तोंड. हे मी इथे येऊन शिकले. चांगलं शिकले. म्हणून तर नोकरी मिळाली.

पण पानं पहिल्यांदा बांधली गेली ती इथे नाही.

मी आश्रमशाळेत होते तेव्हा शहरातून साहेब लोक यायचे, ब्लँकेटं वाटायला. आम्ही मुली निळा स्कर्ट, पांढरा शर्ट घालून कवायतीला उभ्या राहायचो. एकदा अधीक्षक म्हणाले, "असल्या ड्रेसात कोण फोटो काढणार? जा, सागाची पानं आणा." आम्ही आणली. बाईंनी सुतळीत ओवली आणि एकेकीच्या कमरेला स्कर्टवरूनच बांधली. गाठ मागे, मणक्यावर, घट्ट. आपल्या हातानं सुटू नये म्हणून. पानांत तांबड्या मुंग्या होत्या. नाचताना त्या मांड्यांवर चढल्या. साहेब टाळ्या वाजवत होते आणि आम्ही चावे सहन करत हसत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. माझ्या आयनं जन्मात कधी पानं नेसली नाहीत. ती लुगडं नेसते. तिच्या आईनंही लुगडंच नेसलं. मग ही पानं कोणाची? ती साहेबांच्या डोक्यात उगवतात आणि आमच्या कमरेला येतात.

मावशी काही दुष्ट बाई नव्हत्या, निदान सुरुवातीला तरी. मी पत्रकारिता शिकायला मिनियापोलिसला आले तेव्हा त्यांनी मला बेसमेंटमधली खोली दिली. जेवायला वर बोलवायच्या. ताट वेगळं नव्हतं. म्हणून तर मी फसले. फक्त नैवेद्याचे मोदक करायची वेळ आली की म्हणायच्या, "तू बस गं, तू दमलीस." दर वर्षी मी नेमकी त्याच दिवशी दमायची. आणि दर पार्टीत माझा हात धरून फिरवायच्या. "ही आमची आदिवासी मुलगी. बघा, कुठून कुठे आली!" त्यांचे यजमान, काका, मंडळाचे अध्यक्ष. त्यांची कंपनी आमच्या चॅनलला जाहिराती द्यायची. माझ्या मुलाखतीआधी त्यांनी एक फोन केला होता. तो फोन मला दर सणाला ऐकवला गेला.

लोरेन मला चॅनलमध्ये भेटली. ती इथली आदिवासी, उत्तर मिनेसोटातल्या ओजिब्वे लोकांतली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून बातम्या करताना आम्ही चॅनलच्या व्हॅनमध्ये एका थर्मासमधून कॉफी प्यायचो. मग एका घरात राहायला लागलो. आमचं प्रेम आहे, हे मी चॅनलमध्ये सांगितलं नव्हतं, मंडळात सांगितलं नव्हतं, पाड्यावर तर नाहीच. मंडळात ती माझी रूममेट होती.

त्या गणपतीच्या कार्यक्रमानंतर आम्ही व्हॅनमध्ये बसलो. लोरेननं मागे वाकून माझ्या पानांचा पट्टा सोडला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मला शाळेत पिसं लावली होती. कागदाची." एवढंच. मला राग आला होता. किती वर्षं मी त्याला संकोच म्हणत होते.

दिवाळीच्या आधी मावशींनी घरी बोलावलं. रविवारची दुपार. कढईत चिवड्याचे पोहे परतत होत्या.

"मॉलमध्ये तोच डान्स करतोय आपण. तुझं चॅनल लाइव्ह घेणार, काकांनी फिक्स केलंय. तू या वेळी फुल ड्रेसमध्ये, पानं, रंग, सगळं. मुलांच्या बरोबर नाचायचं."

"नाही, मावशी."

त्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. झाऱ्याचा हात थांबला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. त्यात मी आणि लोरेन. शनिवारचा भाजीबाजार, माझं डोकं तिच्या खांद्यावर.

"मी कोणाला काही बोलले नाही हं. झाकली मूठ सव्वा लाखाची, बेटा. माझा भाऊ जव्हारला शिबिरं घेतो ना, तुमच्या त्या शाळेत. आईला भेटून येईल तुझ्या. बिचारी एकटीच असते."

मग त्यांनी मला डब्यात चिवडा भरून दिला. मी तो घेतला. हात नको म्हणायला शिकलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी न्यूज डायरेक्टरनं केबिनमध्ये बोलावलं. गोड माणूस. म्हणाला, स्पॉन्सरला तू हवी आहेस, प्रेक्षकांनाही आवडलं होतं. आणि जाता जाता, "तुझे व्हिसाचे पेपर लवकरच माझ्याकडे येतील ना?" त्याच्या सहीशिवाय मला इथे राहता येणार नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही.

त्यानंतर मावशींची राखाडी व्हॅन आमच्या बिल्डिंगसमोर दिसायला लागली. कधी सकाळी, कधी ऑफिसातून येताना. इंजिन चालू, काच वर. मी पडदा ओढायची. मावशी रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवायच्या, खाली सुप्रभात. सगळ्यांनाच पाठवतात, मी बघतही नसे. एके सकाळी फुलं नव्हती. माझी आय होती. आमच्या घराच्या दारात, अंगावर नवी कोरी साडी, घडीच्या रेघा न मोडलेली. डोळे कॅमेऱ्याकडे. आयला फोटोची भीती वाटते. खाली तेच, सुप्रभात.

मी आयला फोन लावला. ती म्हणाली, एक साहेब आले होते. साडी दिली. तू कुठे असतेस, कोणाबरोबर असतेस, सगळं विचारलं. म्हणाले, तुझी पोर वाईट नादाला लागलीय. परत येणार आहेत.

ते सांगायच्या आत मीच सांगायचं, हे मी उभ्या उभ्या ठरवलं.

"आय, मी एका बाईबरोबर राहते. नवराबायको राहतात तशी."

तिकडे संध्याकाळ होती, खुराड्यात कोंबडं ओरडलं. कोणीतरी हंडा खाली ठेवला.

"ते साहेब आले की सांग, मला माहीत आहे."

फोन बंद झाला. त्यानंतर मी रोज लावला. तिनं उचलला नाही. मला वाटलं, झालं. मावशींनी जे करायचं ते मीच माझ्या हातानं केलं. रडले. मग रडणं थांबलं आणि ध्यानात आलं, आता त्यांच्या मुठीत काहीच उरलेलं नाही.

मॉलला जाताना व्हॅनमध्ये मी लोरेनला म्हणाले, आज मी बोलणार आहे. तिनं गाडी बाजूला घेतली.

"माझं नावही घे," ती म्हणाली. "अर्धं बोलू नकोस."

बाहेर पहिला बर्फ पडत होता. मॉलमध्ये दिव्यांच्या माळा, फराळाचे स्टॉल, रांगेत तीच मुलं, तेच रंगवलेले चेहरे. एक छोटी गालावरचा रंग खाजवत होती. मावशी पानं घेऊन आल्या.

"चल, वळ. बांधते."

मी वळले नाही. त्या जवळ सरकल्या. चेहऱ्यावर हसू तसंच, आवाज मात्र खालचा.

"फोन हातात आहे माझ्या."

"लावा. आयला मीच सांगितलंय."

त्यांचं हसू तिथल्या तिथे राहिलं, फक्त त्यात माणूस नव्हता. माझ्या कानात उलटी मोजणी सुरू झाली. स्टेजवरच्या स्पीकरवर तारपा लागला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटला.

मी कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि स्टेजकडे तोंड.

"वळ! इकडे वळ!" प्रोड्यूसर कानात ओरडत होता. मी कानातलं काढलं. माइक तोंडाशी धरला आणि इंग्रजीत, सावकाश बोलले. या मुलांची चूक नाही. त्यांना कोणी खरं सांगितलेलं नाही. वाजतोय तो माझ्या लोकांचा तारपा. त्याच्याकडे आम्ही पाठ करत नाही, म्हणून मी अशी उभी आहे. आम्ही पानं नेसत नाही. मला ती शाळेत बांधली होती, पाहुण्यांच्या फोटोसाठी. सप्टेंबरमध्ये तुमच्यासमोर पुन्हा बांधली आणि तुम्हाला ती क्यूट वाटली. कॅमेऱ्यामागे लोरेन आहे. तिला शाळेत कागदाची पिसं लावली होती. ती माझी जोडीदार आहे. आम्ही दोघी कोणाचा आयटम नाही.

मग मी माझं आडनाव सांगितलं. चॅनलच्या पट्टीवर ते कधीच येत नसे, तिथे वडिलांचं नाव असायचं. मराठी माणसाला आडनाव कळलं की बाकी सगळं कळतं, म्हणून मी ते लपवत आले होते; मी कोण ते मावशींनीच सगळ्यांना सांगितलं, मी स्वतः कधीच नाही. मॉलमधल्या मराठी माणसांनी ते ऐकलं. तारपा कोणीतरी बंद केला.

लोरेननं फ्रेम वाइड ठेवली होती. मी, मुलं, मावशींच्या हातातली पानं, सगळं त्यात होतं. स्टुडिओनं आम्हाला तोडलं आणि हवामान लावलं.

आमची दोघींची ओळखपत्रं त्याच दुपारी जमा झाली. व्हिसाचे पेपर आता कोणी भरणार नाही. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. त्या मुलांपैकी एकाच्या आईनं मला फोन केला आणि मी हॅलो म्हणताच ठेवला. राखाडी व्हॅन अजून येते. मी पडदा ओढत नाही. खिडकीत खुर्ची टाकून तिच्याकडे तोंड करून बसते. मग ती जाते.

काल आयचा फोन आला. आपणहून. लोरेनबद्दल एक शब्द नाही. चांगला नाही, वाईट नाही.

"ते साहेब शाळेत आलेले," ती म्हणाली. "पोरींना नाचवलं. पानं बांधून. तुझ्यासारखंच." मग म्हणाली, "साडी मी परत दिली. परत येणार हायत, होळीला."

फोन ठेवला.

वकील म्हणतो, आता अमेरिकेबाहेर गेलीस तर परत येणं कठीण. लोरेननं ते ऐकलं आणि कपाटातून तिचा स्वतःचा छोटा कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवला. ती बरोबर येईल की मागून येईल, पाड्यावर तिला कोण घरात घेईल, मला तरी कोण घेईल, काही ठरलेलं नाही. तिकीट मात्र मी काढलंय. होळीच्या आधीचं.

साहेब खुर्चीत बसतील. पोरी रांगेत उभ्या राहतील, हसतील, मुंग्या चावतील तरी हसतील. मी त्या रांगेच्या मागे जाणार आहे. कॅमेरा चालू ठेवून, सगळ्यांच्या देखत, एकेकीची पानं सोडणार आहे. गाठ कुठे मारतात ते मला माहीत आहे.