विहिरीपासून लांबचा वाफा

श्रीवर्धनला मी ओव्हरसियर होतो तेव्हाची गोष्ट. गावाबाहेर, समुद्रापासून थोडं आत, सरकारी नोकरांसाठी अठरा घरांची नवी वसाहत उभी राहत होती. घरांच्या मागे, पूर्वेला, एक मोकळा पट्टा उरत होता. तिथं प्रत्येक घराला भाजीपाल्यासाठी एकेक तुकडा द्यावा ही कल्पना माझी. साहेबांनी नकाशावर सही केली आणि म्हणाले, "बघा जमतंय का."

ऑफिसात बसून मी अठरा चौकोन काढले होते, अगदी सारखे. जागेवर दोरी धरून चुन्याची फक्की मारायला घेतली, तेव्हा चिरे वाहणारी एक बाई थांबली. पूर्वी ती सुपारीच्या वाडीत शिंपणं करायची.

"सायेब, ह्याला पानी कुठनं येनार?"

मी विहीर दाखवली. तिनं कळशीभर पाणी आणलं आणि मी खणून घेतलेल्या पाटात ओतलं. दहा पावलंही न जाता ते रेतीत जिरलं.

"हितली जमीन पानी पिते," ती म्हणाली. "त्या टोकाला थेंब पोचायचा न्हाय."

मी नकाशा पुन्हा काढला. वाफे विहिरीभोवती गोळा केले, पाट आखूड केले आणि चिऱ्यांनी बांधून घेतले. चौकोन वेडेवाकडे झाले, पण सतरा वाफ्यांना पाणी मिळू लागलं. अठरावा पूर्वेच्या टोकाला कोरडाच राहिला. आखणारा मी, आणि अठरांतलं एक घर माझंही; तेव्हा तो आपणच घ्यावा, असं मी ठरवलं. बायकोला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "आणि तिथवर पाणी मी वाहायचं ना?"

वाटपाच्या दिवशी बंदरावरच्या शिपायाची बायको पुढे आली. ती कोळीण होती.

"तो टोकाचा मला द्या. मला पानी नको. ऊन आनि वारा पायजे, मासली सुकवायला."

आमचे हेडक्लार्क वसाहतीत वयानं मोठे. ते म्हणाले, "भाजीच्या मळ्यात मासळी? कोळीवाड्यात जागा नाही का?" दोनचार माना हलल्या. आमच्या घरात मासळी शिजत नसे, आणि मनातून मलाही ते नकोच वाटलं, हे कबूल करतो.

तिनं आवाज चढवला नाही. "सकालचा वारा डोंगराकडनं येतो, तवा मी काय पसरनार न्हाय. उन्हं वर आली का वारा समुद्राचा. मंग वास तुमच्याकडं येईल कसा?"

मी तोवर कितीतरी नकाशे काढले होते. उत्तर दिशेचा बाण प्रत्येकावर असायचा, पण वारा कुठून कुठं वाहतो ते एकावरही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आठ दिवस करून बघू. त्रास झाला तर बंद." हेडक्लार्क नाइलाजानं कबूल झाले.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या मागीलदारी गेलो. टोकाला बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकत होते, खाली सुकट पसरलेली. हेडक्लार्क बराच वेळ नाक वर करून उभे राहिले.

"आज तरी येत नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात वसाहतीत लाल माठ आला, मुळा आला, पावट्याचे वेल चढले. हेडक्लार्कांची वांगी मात्र खुरटली होती. कोळणीनं मासळीचा टाकाऊ चुरा टोपलीत भरून त्यांच्या वाफ्याकडे नेला. "बुडाशी पुरा," एवढंच सांगून ती निघून गेली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि पुरला. महिन्याभरात त्यांची वांगी घरोघर वाटली जात होती. आमच्याकडेही आली आणि आम्ही भरली वांगी करून खाल्ली. खत कसलं, ते बायकोला ठाऊक होतं.

एकदा दुपारी मी साइटवरून लवकर परतलो. घरात कुणी नव्हतं. मागे जाऊन पाहिलं, तर कोळीण होडी लागली म्हणून किनाऱ्यावर गेली होती, आणि जिनं जन्मात मासळीला हात लावला नव्हता ती माझी बायको टोकाच्या बांधावर पावटे सोलत बसली होती. शेजारी एक काठी होती. वलांडीवर कावळा उतरला की ती उठायची, त्याला हाकलायची आणि परत येऊन पावटे सोलायला लागायची.