तात्यांच्या नावावरचं काम

लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि घरचं असं चारचौघांत सांगावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

माझे वडील, आमचे तात्या, सरकारी कामांचे छोटे ठेकेदार. सणसरच्या आसपास शाळेच्या खोल्या, रस्त्याच्या मोऱ्या बांधायचे. मला गाडीवर मागं बसवून कुठं निघाले की स्वतःच्या प्रत्येक मोरीपाशी वेग कमी करायचे. "बघ, अजून तडा न्हाय." मला उशीर होत असला तरी मोरी बघावीच लागायची.

लासुर्ण्याला आत्या, म्हणजे तात्यांची आक्का, दिली आहे. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. मामांना ठेकेदारीची हौस, पण नोंदणी नव्हती. आमच्याकडं नोंदणी एकाची आणि काम दुसऱ्याचं, हे सर्रास चालतं. एकदा चहा पिताना मामा म्हणाले, "तात्या, शाळेच्या कुंपणाचं काम तुमच्या नावावर घिऊ का? करतो मीच सगळं."

"घ्या की दाजी. न्हाय म्हनलं तर चहा कडू लागंल तुमाला."

भिंत अर्धी झाली आणि मामांनी काम सोडून दिलं. खुलासा मागणारी नोटीस मात्र तात्यांना आली. आई रोज मागं लागायची, "लिवा की, काम मी केलंच न्हाय म्हनून."

"मग केलं कुनी, ते बी लिवावं लागंल. आक्काला तितं नांदायचं हाय."

"आन तुमाला?"

तात्या उठून बाहेर गेले. खुलासा गेलाच नाही. सुनावणीलाही ते गेले नाहीत. मग आदेश आला. तात्यांचं नाव काळ्या यादीत, तीन वर्षं कुठलंच सरकारी टेंडर भरायचं नाही.

तेव्हापासून ते कोकणात दुसऱ्या ठेकेदाराच्या पुलावर सुपरवायझर आहेत. दिवाळीला येतात आणि भाऊबीज झाली की जातात. मी बारामतीहून एसटीनं घरी येतो तेव्हा त्यांच्या मोऱ्यांवरून गाडी सरळ निघून जाते. ड्रायव्हरला काय माहीत? मी मागं वळून बघत राहतो. फोनवर ते आधी आक्काची चौकशी करतात, मग माझ्या परीक्षेची. कधी येणार विचारलं की रेंज जाते म्हणतात. खरंच जात असेल. पण फोन ठेवल्यावर मला ते शेजारी बसलेले हवे असतात, काही न बोलता बसले तरी चालेल.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मुदत संपली होती, नाव यादीतून निघालं होतं. आता तात्या पुन्हा टेंडर भरू शकणार होते.

मी विचारलं, "मग निघाले का?"

"न्हाय," आई म्हणाली. "पुलाचा एक गाळा ऱ्हायलाय म्हनं. अर्ध्यावर टाकून कसा यिऊ, म्हनले."