शेजारणीवरचा आळ

सुधाकर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

ख्राइस्टचर्चच्या एका इस्पितळात तो फार्मासिस्ट होता. सांगलीहून आला तेव्हा नीलिमा आठ वर्षांची होती, आणि विमानात नवऱ्याच्या मांडीवर पोरगी नव्हती, तबला होता, असं आशालता येईल-जाईल त्याला सांगायची. जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून बापानं लेकीला त्रिताल शिकवला. पंधराव्या वर्षी तिला तबल्याचा कंटाळा आला आणि ड्रम हवे झाले, तर जुना ड्रमसेट शोधून गॅरेजमध्ये मांडून देणारा हाच. गाडी बिचारी तेव्हापासून पावसात.

मग बँड झाला. अरोहा नावाची माओरी मुलगी गाणारी, दोन गोरे पोरगे गिटारवाले आणि ड्रमवर आमची सांगलीकर. शाळा सुटली की गॅरेज दणाणायचं. कुंपणापलीकडे डोरीन राहायची, सत्तरीची विधवा. दुसऱ्या बाजूला शाळेचं मैदान, त्यामुळे ऐकणारी काय ती एकटी. पण कधी हूं की चूं नाही. उलट परसातल्या रुबार्बच्या लालचुटूक, आंबट दांड्या कागदात गुंडाळून आणून द्यायची. आशालता त्याचा साखर घालून मुरांबा करायची आणि एक बाटली परत कुंपणावरून जायची. ही देवघेव तर ते राहायला आल्यापासून, नऊ वर्षं चालली होती.

चौऱ्याण्णव साली सुधाकर एका संध्याकाळी कॅथीड्रलच्या चौकात बसची वाट बघत उभा होता. तीन पोरं आली, डोकी तासलेली, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. एकानं त्याच्या हातातला डबा उडवला, दुसऱ्यानं त्या डब्याला चेंडूसारखी लाथ घातली, तिसऱ्यानं सुधाकरलाच ढकललं आणि 'गो होम' म्हणून वर थुंकला. बसथांब्यावरची चांगली शिकलीसवरलेली माणसं वेळापत्रक वाचत राहिली. सुधाकर उठला, पँट झटकली, आणि समोर खांबावर त्याला बँडची जाहिरात दिसली. शुक्रवारी संध्याकाळी, त्याच चौकाजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम. फोटोतल्या नीलिमाच्या तोंडावर कुणीतरी काळ्या शाईनं असं काही लिहिलं होतं, की बापानं वाचू नये.

त्यानं कागद फाडला. घरी येऊन सांगितलं, "डबा बसमध्ये विसरलो."

अहो, सरळ बोलायला काय झालं होतं? पण नाही. आपल्याला भर चौकात आडवं पाडलं हे सतरा वर्षांच्या लेकीला कुठल्या तोंडानं सांगायचं! आणि तिच्या डोक्यात ती भीती घालायचीच नव्हती त्याला. त्यानं बर्सरीचं, म्हणजे तिकडच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं, निमित्त काढलं. "शुक्रवारचं राहू दे. अभ्यास कर."

"बाबा, चिल! आय'व्ह गॉट हीप्स ऑफ टाइम," ती म्हणाली आणि गॅरेजमध्ये गेली.

मग त्यानं अस्सल आपल्याकडचा मार्ग काढला. बापानं नाही म्हटलं की भांडण होतं, सरकारनं नाही म्हटलं की गप्प बसावं लागतं. त्यानं इस्पितळातून कौन्सिलच्या नॉइज कंट्रोलला फोन लावला आणि आपल्याच घराचा पत्ता सांगून म्हणाला, "मी त्याच रस्त्यावर राहतो, फार त्रास होतो." खोटं तरी कुठे होतं ते!

माणूस आला, ताकीद देऊन गेला. नीलिमानं ड्रमवर ब्लँकेटं टाकली आणि वाजवत राहिली. दुसऱ्या दिवशी सुधाकरनं पुन्हा फोन केला. ताकिदीनंतर तक्रार आली की सामान उचलून नेतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढं मात्र खरंच ठाऊक नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा दोन माणसं ड्रमसेट व्हॅनमध्ये चढवत होती. नीलिमा विचारत होती, "हू कम्प्लेंड?" नाव सांगता येत नाही, याच रस्त्यावरचं कुणीतरी, असं माणूस म्हणाला. तिनं कुंपणाकडे पाहिलं.

"डोरीनच असणार ना, बाबा?"

एक 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? सुधाकर म्हणाला, "असेल."

अरोहाचा फोन आला, दुसरा ड्रमसेट मिळतोय, ये. नीलिमा आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली होती. चिडली की इंग्रजी बोलणारी पोरगी, त्या दिवशी मराठीत बोलली. "नऊ वर्षं आपल्या हातचं खाऊन ही बाई असं करते, तर हॉलमधले लोक काय करतील, आई? सगळ्यांना आपण नकोच आहोत. मी नाही वाजवणार. कधीच नाही." शुक्रवारी बँडनं दुसऱ्याच पोराला बसवलं.

झालं! जे तिच्या कानावर जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या मनात नेऊन ठेवलं होतं.

आशालतानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, शुक्रवारचं तुम्हालाच नको होतं. फोन तुम्ही केलात ना?"

 त्यानं चौकाचं सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बधली नाही. "तिला तुम्हीच सांगायचंय. मी नाही सांगणार."

"सांगतो," तो म्हणाला.

रविवारी डोरीन रुबार्ब घेऊन आली. दार नीलिमानं उघडलं. "लव्ह, ड्रमचा आवाज नाही हल्ली? मला चुकल्याचुकल्यासारखं होतं," म्हातारी म्हणाली. नीलिमानं तिच्या तोंडावर दार लावलं. सुधाकर तिच्या मागेच उभा होता.  रुबार्ब पायरीवरच राहिला.

पुढच्या आठवड्यात तो जाऊन ड्रमसेट सोडवून घेऊन आला. एकट्यानं जोडला. नीलिमाला हाक मारली, म्हणाला, "ये ना गं, वाजव." तिनं वरच्या खोलीतूनच "नको" म्हटलं. ठरवून आला होता तो, आज सांगायचंच. खोलीच्या दाराशी गेला, उभा राहिला आणि परत फिरून गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसला. काठ्या त्याला धरता येत नव्हत्या. त्यानं बोटांनीच ड्रमवर त्रिताल धरला, आधी हळू, मग जोरात.

कुंपणापलीकडून टाळ्या आल्या. "गुड ऑन यू, नीलिमा!" डोरीन ओरडली. "वेलकम बॅक, लव्ह!"

वर नीलिमाची खिडकी धाडकन बंद झाली.

सुधाकरची बोटं दुखायला लागली होती. पण थांबलं की उठावं लागेल, कुंपणाशी जावं लागेल, आणि मग वर. म्हणून तो वाजवतच राहिला.