पहिल्या गटात वहिनी

आमच्या गिरगावच्या चाळीत एखादी गोष्ट आपल्याला येत नाही असं कबूल करणं फार अवघड. त्यातून ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठे ना कुठे सभा, रोज घोषणा. हात वर करायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की आमच्या दोन खोल्यांत भरलेल्या बैठकीत दादानं "घोड्यावर बसता कोणाकोणाला येतं?" असं विचारल्याबरोबर झाडून सगळे हात वर गेले. माझाही गेला. मी तोवर घोड्याला हातसुद्धा लावला नव्हता.

बेत माथेरानचा होता. नेरळपासून वर घोड्यावरून जायचं, दोन दिवस घोड्यावरून सगळे पॉइंट पालथे घालायचे आणि तसंच खाली यायचं. मंडळी म्हणजे दादाचे बँकेतले दोन मित्र, शेजारचे कंपाउंडर, माझ्या शाळेतली एक शिक्षिका आणि लालबागचा एक गिरणीकामगार. त्याची आणि दादाची ओळख एका मोर्च्यात झाली होती आणि ती घट्ट टिकली होती. "गावाक मी रेड्यार बसलंय, घोडो काय मोठो लागून गेलो?" असं म्हणून त्यानं आपली लायकी सिद्ध केली. कंपाउंडर वजनानं दोघांच्या बरोबरीचे, पण मराठ्याच्या रक्तातच घोडा असतो अशी त्यांची खात्री होती.

खरं बसता येत होतं ते एकट्या वहिनीला. तिचे वडील बडोद्याला संस्थानच्या पागेत कामाला होते आणि ही चालायला लागली तेव्हापासून घोड्यावर. ती कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. दादानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ही पहिल्या गटात. सगळ्यांत तेज घोडा हिला." मग ज्यांना थोडंफार येतं ते मधल्या गटात आणि ज्यांचा लगाम घोडेवाला धरून चालेल ते शेवटच्या, असं ठरलं. शेवटच्या गटात जायला अर्थातच कोणी तयार होईना. वहिनी खाली मान घालून सुपारी कातरत राहिली. मी घाईघाईनं चहाचा विषय काढला.

कारण वहिनीला दिवस गेले होते, आणि हे तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

याआधी दोनदा तिचं पोट राहून पडलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर मुलाची आशा सोडायची. तेव्हा दादानं दुसऱ्याच महिन्यात आनंदाच्या भरात अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते, आणि नंतर प्रत्येक दारात जाऊन तिला त्याच बायकांना उत्तरं द्यावी लागली होती. तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नाही ही रीत आमच्याकडे सगळेच पाळतात, पण घरातल्यांपासून कोणी लपवत नाही. वहिनीनं या खेपेला घरातल्यांपासूनही लपवलं.

आता दोन खोल्यांच्या घरात हे लपावं कसं? महिन्याचे ते दिवस आले की आमच्याकडे बाई बाजूला बसायची. गॅलरीकडच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळं ताटवाटी, कोणाला शिवायचं नाही. बसली नाही तर आईच्या लगेच ध्यानात यायचं. म्हणून वहिनी दोन्ही महिने खोटी बसली. वेळच्या वेळी कोपरा धरला, तीन दिवस कशाला हात लावला नाही, चौथ्या दिवशी न्हाली. मला कळलं ते पहिल्याच महिन्यात, मोरीतल्या दोरीवरून. आमची दोघींची त्या दिवसांतल्या कापडी घड्यांची दोरी एकच होती, आणि तिच्या बाजूला ते तीन दिवस काहीच वाळत नव्हतं.

मी विचारलं तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. "वन्सं, तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला नाही. ह्यांनाही नाही. आईंना तर नाहीच नाही."

"आणि माथेरान?"

"त्या दिवसांत मी बाजूला बसेन. मग कोण नेतंय मला?"

मला ही बाजूला बसण्याची रीत मुळीच पटत नसे. त्यावरून माझी आईशी दर महिन्याला जुंपायची, आणि मी शिकलेली असूनही बसावं लागतं म्हणून मी भांडी आपटायची. पण वहिनीची युक्ती ऐकून मला बरं वाटलं. तिला कोणी कारण विचारणार नव्हतं. त्या कारणापुढे पुरुषांची बोलती बंद होते.

आम्ही दोघी आईला विसरलो होतो. दादानं सहलीची तारीख काढली तशी आईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. आमच्याकडे देवदर्शनाला जायचं असो की लग्नाला, घरातल्या बायकांचे दिवस मोजल्याशिवाय तारीख ठरत नसे. "हिचे दिवस त्याच सुमारास येतात," आई म्हणाली. "पुढं ढकला. मधला एक शनिवार-रविवार सोडून पुढला शनिवार धरा, म्हणजे मधोमध येतं, काही घोर नाही." दादानं मान डोलावली. वहिनी खोटी बसली होती त्याच दिवसांवरून आईनं हिशोब केला होता. आता त्या तारखेला तिला कुठलीच सबब उरली नाही.

त्यानंतरचे दिवस मी नुसती चिडचिड करत काढले. वर्गात मुलींवर ओरडले, घरात दादावर. हरताळ व्हावा, कर्फ्यू लागावा, गाड्या बंद पडाव्यात, असं मनात म्हणायची. एरवी गोळीबाराची बातमी आली की आमच्या चाळीत चूल पेटत नसे, आणि मी स्वतःच्या घरच्या अडचणीसाठी सगळं बंद पडण्याची वाट पाहत होते. याची मला लाजही वाटायची आणि तरी मी वाट पाहायचीच. वहिनी रोज म्हणायची, "बघू हो, अजून वेळ आहे."

वेळ नव्हताच. लालबागच्या त्या गृहस्थानं मध्येच टूम काढली, की जाण्याआधी चौपाटीवर एकदा तालीम करू, म्हणजे कोण कुठल्या गटात ते तरी कळेल. दादाला ते फारच पटलं. रविवारी सकाळी सगळे चौपाटीवर जमा. संध्याकाळी पोरांना फिरवणारे तिथले घोडेवाले दादानं ठरवून ठेवले होते. वहिनीनं आईचं नऊवारी नेसलं होतं, कासोटा आवळून. तिला कासोटा घालताना पाहून आई म्हणाली, "नीट बस गं बाई." मला रडू फुटायच्या बेतात होतं.

घोडे तीन होते. दोन मरतुकडे आणि एक तांबडा, उंच, कान सारखे हलवणारा. घोडेवाल्यानं आधीच सांगितलं, "ये लाल वाला जरा डरता है, साब. वो गोली चली थी ना, तब से." चौपाटीवर सभा उधळल्या, अश्रुधूर सुटला, ते सगळं त्या जनावरानं पाहिलेलं. लांबून घोषणा ऐकू आली तरी ते बिचकायचं.

पहिल्यांदा कंपाउंडर चढले. मरतुकड्या घोड्यानं चार पावलं टाकली, तेवढ्यात रस्त्यावरून प्रभातफेरीची पोरं जोरात घोषणा देत गेली. तांबडा उधळायला बघू लागला, त्याला पाहून हाही वळला, आणि कंपाउंडर वाळूत आडवे. खांदा धरून विव्हळत होते. लालबागकर धावला, त्यांना उठवलं, वाळू झटकली आणि म्हणाला, "रेडो बरो रे, असो फिरणा नाय." कोणी हसलं नाही. बँकेतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. बेत मोडतोय असं दादाला दिसलं आणि तो पेटला.

"घाबरलात काय? चांगल्या घोड्यावर चांगली मांड कशी असते ते बघा." त्यानं तांबड्याचा लगाम घेतला आणि वहिनीकडे वळला. "चल. एक फेरी दुडक्या चालीनं, एक भरधाव."

"वहिनी बसणार नाही," मी म्हणाले.

"का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार? "घोडा खवळलाय, दिसत नाही का तुला?"

"तिला खवळलेल्या घोड्याची भीती? ती काय तुझ्यासारखी आहे?" दादाचा आवाज चढला. त्यानं आठवडाभर बँकेत बायकोची फुशारकी मारली होती. "तू बोल गं. बसतेस ना?"

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग घोड्याकडे. पुढे झाली. घोड्याच्या मानेवर हात ठेवला, वाकून खोगिराचा तंग तपासला, एक भोक आवळला. मी तिचा पदर धरला. "सोडा, वन्सं," ती हळूच म्हणाली. तिनं पाय रिकिबीत घातला. मला वाटलं संपलं. इतके दिवस कोपऱ्यात बसून जे जपलं ते आता ही नवऱ्याच्या शब्दाखातर वाळूत टाकणार. मला दादाचा असा राग आला की त्याच्या अंगावर धावून जावं.

पुन्हा कुठेतरी घोषणा झाली. तांबड्याचे कान मागे पडले. वहिनीनं ते पाहिलं, क्षणभर तशीच एका पायावर उभी राहिली आणि मग पाय काढून घेतला. वळून सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी बसणार नाही. मला दिवस गेलेत."

त्या काळी बाई असं चारचौघांत बोलत नसे. पुरुष एकदम समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, जणू तिथं एखादं जहाज आलंय. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं पण गेल्याच आठवड्यात तर तू..." एवढं बोलला आणि थांबला. पुढचं वाक्य परक्या माणसांसमोर पुरं करण्यासारखं नव्हतं. त्यानं लगाम घोडेवाल्याच्या हातात दिला आणि वाळूत मटकन बसला. लालबागकर जवळ येऊन वहिनीला म्हणाला, "बाय, तू घराक जा. आमी कोणाक काय सांगूचंव नाय."

आणि खरोखरच कोणी सांगितलं नाही. चाळीत कोणाच्या घरी काय शिजलं ते चौथ्या मजल्यापर्यंत कळायचं, पण त्या मंडळींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माथेरानला आम्ही वहिनीशिवाय गेलो आणि मुकाट्यानं सगळेच शेवटच्या गटात बसलो. यथावकाश मला भाची झाली, धडधाकट. पण मला राहून राहून आठवते ती त्या रविवारची दुपार.

आम्ही घरी परतलो. दादा जिन्यातच थांबला. वहिनी सरळ आत गेली आणि आईच्या पुढ्यात बसून तिनं सगळं सांगितलं. दोन महिने कशी खोटी बसली तेही. मी दारात उभी होते. आईचे गुडघे दुखायचे, आणि ते सहाही दिवस स्वयंपाक, पाणी, धुणं सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. आई आता काय करील याचा नेम नव्हता, आणि काही बोललीच तर मी वहिनीच्या बाजूनं तोंड सोडायचं ठरवूनच ठेवलं होतं.

आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"दोनच महिने?" ती म्हणाली. "मी पाच महिने बसत होते. आधीची तीन गेली होती. सासूबाईंना शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

"कोणाच्या वेळी, आई?" वहिनीनं विचारलं.

आईनं पिठाच्या हातानं दाराकडे, माझ्याकडे बोट केलं.