फ्रेंच बंगल्याची लाकडी जमीन

हे मी आजवर एका माणसाखेरीज कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — ते बिचारे न ऐकताच गेले. मी फ्रेंच बंगल्याची जमीन धुतली. बादल्यांवर बादल्या ओतून, खराट्याने खसाखसा घासून.

हसलात? थांबा, जमीन लाकडाची होती.

नगरबाहेरच्या माळावर तो बंगला अजून उभा आहे. उतरतं निळसर छप्पर, लोखंडी नक्षीचे सज्जे, दाराएवढ्या खिडक्या. हल्ली लग्न ठरलेली पोरं-पोरी तिथे फोटो काढायला जातात. एका मोठ्या कंपनीच्या साहेबांनी पॅरिसला काहीतरी पाहिलं आणि इथे बांधलं. आमच्या धुळीत लाकडाची जमीन! त्यांचंही शहाणपण बेताचंच — हे मी आजही तोंडावर सांगेन.

पण माझं? बावीस वर्षांची घोडी होते मी, स्वयंपाकघरात कामाला. जमीन मार्थाबाईंकडे. त्या गुडघ्यांवर बसून कोरडं फडकं फिरवायच्या, मेण लावायच्या. मला वाटायचं, काय हे आळशाचं काम! दसऱ्याआधी घर कसं धुऊन काढतात ते दाखवतेच, म्हटलं. रविवार होता. बाईसाहेब पुण्याला, मार्थाबाई चर्चमध्ये. धुतली. काय लखलखली म्हणून सांगू! अर्धा दिवस.

मग पट्ट्या फुगल्या, पापडासारख्या उचलल्या. दिवाणखान्याचं दार उघडेना.

बाईसाहेब आल्या, म्हणाल्या, "कुणी केलं हे?" आणि मी — सांगतेच आता — मी म्हणाले, "जमीन तर मार्थाबाईच पुसतात."

शब्दन्‌शब्द खरा! खोटं बोलले असते तर निदान जीभ तरी चाचरली असती, नाही? मार्थाबाईंनी बायबलवर हात ठेवला. बाईसाहेबांनी मान फिरवली. काम गेलं, मागच्या आवारातली राहायची खोली गेली. लेकीचं बोट धरून त्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

घाबरले होते? होतेच. म्हणून काय झालं? खोली त्यांची गेली, माझी नाही.

गेल्या वर्षी मार्थाबाईंच्या गावी, मिरजगावला गेले. त्यांच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. माफी मागितली नाही — मागून वर त्यांच्यावरच ओझं टाकायचं? मार्थाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मला ठाव हुतं, शालन. आलीस, बरं केलंस. आता ऊठ. च्या न्हाई ठेवायची मी तुला."