परवडणारे दात

आमच्या अप्पांचा परवडण्याचा हिशेब मोठा कडक. लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्या शेतात ऊस परवडेना म्हणून सोयाबीन आलं, बैलजोडी परवडेना म्हणून भाड्याचा ट्रॅक्टर आला. मी नांदेडला एका दवाखान्याच्या ऑफिसात आहे. तिथंही यंत्र घ्यायचं म्हटलं की खर्च किती आणि किती पेशंटना उपयोग, हेच आम्ही बघतो. त्यामुळं बापलेकीचं या एका शब्दावर चांगलं जमायचं.

मग मायचे दात गेले. शेवटचेही पडल्यावर ती दुधात भाकरी कुस्करून खायला लागली. मी रजा काढली आणि दोघांना लातूरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दोन उपाय सांगितले. काढघाल करायची कवळी, नाहीतर हाडात स्क्रू बसवून पक्के दात. पक्क्या दातांचा खर्च ऐकून माय उठून उभीच राहिली.

"कवळीच द्या साहेब. सत्तरीला टेकले मी. आता किती वर्षं चावायचंय?"

माझ्याही मनात तोच हिशेब चालला होता. अप्पा खाली बघत बसले होते. ते म्हणाले, "पक्के बसवा."

"आवं, परवडंल का?"

"रोज समोर बसून जेवतो मी. तू कुस्करून खातीस, मला घास जात न्हाई."

माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत परत खुर्चीत बसली.

पण एक्स-रेत हाड झिजलेलं निघालं. पक्के दात टिकणार नव्हते, कवळीच करावी लागली. तीही नीट बसेना, हिरड्या सोलवटायच्या. घासून घ्यायला सारखं लातूर गाठावं लागे.

"अप्पा, तिला एकटीला एसटीत बसवून देत जा. तुमचा कामाचा दिवस मोडतो," मी म्हणायचे. ते नुसतं हं म्हणायचे आणि पुन्हा तिच्यासोबत जायचे.

हळूहळू कवळी बसली. माय शेंगदाणेसुद्धा खाऊ लागली. त्यानंतर एका दुपारी मी फोन केला, तर मागं हॉर्नचा नुसता गोंगाट.

"कुठं आहेस माय?"

"लातुरात. गंजगोलाईच्या बाजारात फिरायलोय."

"पुन्हा दुखायलंय का?"

"न्हाई गं, बेस हाय समदं." ती हसली. "हेच म्हणले, चल, जाऊन येऊ. आता भजे खायलेत. गाडी गाठायची घाई न्हाई आज तुझ्या बापाला."