मुंगीएवढी अक्षरं

उल्हासनगरच्या शोरूममध्ये ‘सहा एअरबॅग’ हे ठळक अक्षरांत वाचून मी स्वस्तातल्या मॉडेलच्या बुकिंगवर सही केली. शेजारच्या खुर्चीत अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्याच्या युनिफॉर्ममधले एक काका त्याच गाडीचं ब्रोशर वाचत होते. फोटोंकडे त्यांनी पाहिलंच नाही. ओळींवरून फिरणारं त्यांचं नख तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांपाशी थांबलं.

“सहाच्या सहा सगळ्या मॉडेलला?” त्यांनी सेल्समनला विचारलं.

“नहीं अंकल, वो टॉप मॉडेल में. बाकी में दो, आगे.”

“माझी नात मागे बसते,” म्हणत त्यांनी ब्रोशरची नीट घडी घातली, परत दिलं आणि निघून गेले.

मी मात्र तीच गाडी घरी आणली. बदलापूरला जाताना मागच्या सीटवरून आई विचारते, “सारखा आरशात काय बघतोस रे?”